दोन खुंट्या

सिहोऱ्याकडच्या एका मँगनीज खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडमातीचा डोंगर झाला होता. त्याला सगळे डंप म्हणत. डंपच्या माथ्याला भेग पडली होती. भेगेच्या अलीकडे एक लोखंडी खुंटी, पलीकडे एक. रोज सकाळी धनीरामने दोन्हींमधलं अंतर मोजून वहीत लिहायचं, खाली सही करायची. अंतर दोन मीटर वीस सेंटिमीटरच्या वर गेलं की माल टाकणं बंद, असा नियम होता.

धनीरामच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तलावाची पाळ बांधायचं काम. माती थराथराने घालून चोपावी लागते, पायथ्याचं पाणी काढून द्यावं लागतं, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. इथे ट्रक माथ्यावरून सरळ माल ओतत. त्याने सुपरवायझर चंद्रकुमारला सांगून पाहिलं, तर हा डंप आहे, तुझा तलाव नाही, असं उत्तर मिळालं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण समोरचा शहाणा तर हवा.

आषाढात माप दोन-अठरावर आलं, आणि धनीराम तापाने चार दिवस घरी पडला. परतला तेव्हा भेग मातीने बुजवून वर डोझर फिरवला होता, खुंट्याही नव्या होत्या. जुन्या गंजल्या, चंद्रकुमार म्हणाला. आता माप दोन-चौदा भरलं. खुंट्या नव्या म्हणजे आकडाही नवा, असं धनीरामने मानलं. पुढे वीस दिवस तो आकडा तसूभर हलला नाही.

गावात जो तो त्यालाच विचारी. थोरली बहीण गिरजाबाईची धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, नेमकी डंपच्या पायथ्याशी. ती रोवणी करायला कचरत होती. डंप जाग्यावर आहे, खुशाल रोव, असं त्यानेच तिला सांगितलं.

एकविसाव्या दिवशी पावसाने बुजवलेली माती खचली आणि भेग पुन्हा उघडी पडली. दोन्ही खुंट्यांच्या वर, चांगली चार हात वर. म्हणजे दोन्ही खुंट्या भेगेच्या एकाच बाजूला, सरकत्या भागातच होत्या. एकाच बैलगाडीत बसलेल्या दोघांमधलं अंतर कधी वाढतं का? धनीरामचा हात खोटं लिहिणार नाही, हे चंद्रकुमारला ठाऊक होतं. म्हणून त्या हरामखोराने खोटं जमिनीतच रोवलं.

धनीराम धापा टाकत पायथ्याला उतरला. बांधीत रोवणी चालली होती. त्याची हाक ऐकून बाकीच्या बाया चिखलातून निघाल्या. गिरजाबाई वाकलेलीच.

"बाई, निघ. डंप सुटून राहिला."

"काल तं तूच म्हणे, हालत नाही. दोन जुड्या राहिल्या, लावतो अन् येतो."

तो तिला ओढायला बांध ओलांडत होता, तेवढ्यात डंप आला. पहिला लोट त्याच्या पायांपाशी थांबला. गिरजाबाई दुसऱ्या दिवशी सापडली, हातात रोपांची जुडी तशीच.

चौकशीला खाण सुरक्षा खात्याचे साहेब आले. वही त्यांना फार आवडली. एकही दिवस गाळलेला नाही, कुठे खाडाखोड नाही. डंप हलत नव्हता, पाऊसच अचानक जास्त झाला, असं ठरत आलं. धनीरामने खुंट्यांचं सगळं सांगितलं. चंद्रकुमार शांतपणे म्हणाला, खुंट्या भेगेच्या दोन बाजूंनाच होत्या. साहेबांनी त्या दाखवायला सांगितल्या. त्या गिरजाबाईच्या बांधीत, मलब्याखाली होत्या. माणसासाठी मलबा उपसला होता, खुंट्यांसाठी कोण उपसणार?

साहेबांनी वही त्याच्यापुढे केली.

"सही तुमचीच ना?"

"माहीच," धनीराम म्हणाला.