गाडीचे मास्तर नदीवर

नदीकाठच्या त्या लहानशा शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला मास्तरांनी शिकवलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी खिडकीतून हात काढून, भर रस्त्यात ओरडून सुधारलं होतं. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतंय! सगळ्यांचे ते मास्तरच. त्यांची छोटी पिवळट गाडी, टपावर ‘शिकाऊ’ असा फलक, आणि आत दोन ब्रेक. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा मास्तरांच्या. त्या दुसऱ्या ब्रेकने किती भिंती, किती दिव्याचे खांब आणि किती संसार वाचवले असतील, त्याला गणती नाही.

मग एके दिवशी डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, “डाव्या डोळ्याला कडेचं नीट दिसत नाहीये. शिकवणं आता पुरे.” मास्तरांनी वाद घातला. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनीही तेच सांगितलं, वर हेही सांगितलं की आपली मुलगी मास्तरांकडेच शिकली. शेवटी पाटी उतरली, गाडी गिऱ्हाइकाच्या दारात गेली आणि मास्तर घरी बसले.

घरी बसले म्हणजे बायकोच्या डोक्यावर बसले. ती कपाट सरकवायला लागली की “आधी मागे बघ”, ती चहाचा ट्रे घेऊन वळली की “वळण मोठं घे, वळण मोठं घे”. बाहेर कुठे हॉर्न वाजला की खुर्चीतल्या खुर्चीत त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा. पहिले काही दिवस बायकोला हसू आलं. पुढे हसू आटलं.

“अहो,” ती एकदा जेवताना म्हणाली, “इतक्या वर्षांत मी तुमच्याकडे गाडी शिकले नाही, ती उगीच नाही. आता माझ्या घराची गाडी करू नका.”

“मग मी करू तरी काय?”

“रविवारी नदीवर जा. तो वल्हवण्याचा क्लब आहे ना, तिथे नवीन लोकांना शिकवतात. तुमचं नाव घालून आलेय मी.”

“मला? शिकवतात?” मास्तरांचा घास हातातच राहिला.

“हो. एकदा तुम्हीही शिकून बघा.”

बायकोने असा सूर लावला की पुढे बोलण्यात अर्थ नसतो, हे मास्तरांना लग्नापासून ठाऊक होतं. रविवारी सकाळी ते इस्त्रीची पँट आणि चामड्याचे बूट घालून नदीवर गेले.

क्लब म्हणजे काही थाटमाट नव्हता. पत्र्याची लांबच लांब शेड, आत मांडण्यांवर उपड्या घातलेल्या होड्या, वॉर्निश आणि ओल्या दोरखंडाचा वास. ज्याला जे येतं ते त्याने क्लबसाठी करायचं, अशी तिथली रीत. कुणी सुतारकाम करायचं, कुणी दिव्यांच्या तारा जोडायचं, कुणी नुसतंच बाकांवर बसून दुसऱ्यांना सूचना द्यायचं. हे शेवटचं काम मास्तरांना पाहताक्षणी आवडलं. पण तेवढ्यात एक चाळिशीची, उन्हाने रापलेली बाई हात पुसत पुढे आली.

“मास्तर! ओळखलंत का?”

मास्तरांनी डोळे बारीक केले. चेहऱ्यावरून त्यांना कुणी कधीच आठवत नसे. शिकणाऱ्यांना ते चुकांवरून ओळखत.

“नाही बुवा. तुम्ही काय चुकायचात?”

ती मोठ्याने हसली. “उजवं-डावं. तीनदा नापास झाले होते.”

“उजवी-डावी!” मास्तर ओरडले. “अरे, उजवी-डावी तू! म्हणजे, तुम्ही…”

“तूच म्हणा. इथे मी कोच आहे, पण तुमच्यापुरती उजवी-डावीच.”

“आणि तू लोकांना दिशा दाखवतेस?” मास्तरांना राहवेना.

“वल्हवताना आपण उलटे बसतो ना, मास्तर. पाठ पुढे, तोंड मागे. तुमच्या उजव्या हाताला असतं ते होडीचं डावं. सगळ्यांचाच गोंधळ उडतो. माझा उडाला नाही, कारण माझं आधीपासूनच उलटं होतं.”

पहिले काही आठवडे तिने त्यांना पाण्याजवळ फिरकू दिलं नाही. शेडच्या कोपऱ्यात सरकत्या बैठकीचं एक यंत्र होतं. त्यावर बसून पाय पट्ट्यांत अडकवायचे, आधी पायांनी ढकलायचं, मग पाठ मागे न्यायची, शेवटी हात ओढायचे. परत येताना सगळं उलट क्रमाने. मास्तरांना वाटलं, यात काय आहे? क्लच, गिअर, अ‍ॅक्सिलरेटर याहून सोपं. पण कोच त्यांच्या पायांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, “मास्तर, तुमचा उजवा पाय एकटाच दाबतोय.”

“सवय आहे.”

“इथे ब्रेक नाही.”

“ते दिसतंय मला,” मास्तर पुटपुटले.

घरी आल्यावर अंग असं ठणकायचं की जिना चढताना कठड्याला धरून थांबावं लागे. बायको काही न बोलता गरम पाण्याची पिशवी आणून द्यायची. एरवी ती एवढी गप्प राहिली असती तर मास्तर घाबरले असते, पण आता त्यांना तिचं कौतुकच वाटलं.

पुढे त्यांना रुंद, सहसा न उलटणाऱ्या शिकाऊ होडीत बसवलं. होडी धक्क्यापासून सुटली आणि मास्तर लगेच मान वळवून मागे, म्हणजे पुढे, बघायला लागले. दोन हात मारले की मान, दोन हात मारले की मान.

“मास्तर, समोर बघा! रस्ता मी बघतेय!” काठावरून सायकलवर येणारी कोच ओरडली.

“तुला काय माहीत समोर कोण येतंय?”

“बदकं येताहेत. ती बाजूला होतील!”

बदकं झाली बाजूला. मास्तर झाले नाहीत. मान वळवण्याच्या नादात एक वल्हं पाण्यात खोल गेलं आणि अडकलं. त्याचा दांडा पोटात असा बसला की पाय पट्ट्यांतून सुटून मास्तर सरळ पाण्यात. सहसा न उलटणारी ती होडी त्यांच्याविनाच पुढे निघून गेली. पाणी छातीएवढंच होतं, त्यामुळे जिवाला धोका नव्हता. इज्जतीचं मात्र पार पाणी झालं. धक्क्यावर उभ्या असलेल्या बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या. हा बेकरीवालाही त्यांचाच चेला. दारातून वळताना त्याने त्यांच्या गाडीचा आरसा एकदा नाही, अनेकदा तोडला होता.

मास्तर कोरडे कपडे घालून शेडमागच्या झाडाखाली जाऊन बसले. कोच चहाचा कप घेऊन आली.

“हे माझं काम नाही,” ते म्हणाले. “या वयात हसं करून घ्यायचं म्हणजे… मी येत नाही आता.”

ती शेजारी बसली.

“मी तिसऱ्यांदा नापास झाले तो दिवस आठवतोय, मास्तर?”

“नाही.”

“घरी सगळे म्हणत होते, सोडून दे, तुला नाही जमायचं. मी परीक्षेच्या ऑफिसातून बाहेर आले तर तुम्ही गाडीजवळ शेंगा खात उभे होतात. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही नुसती किल्ली पुढे केलीत. म्हणालात, घरापर्यंत तूच ने. पहिल्याच चौकात तुम्ही उजवीकडे म्हणालात आणि मी डावीकडे वळले.”

“मग मी ओरडलो असेन.”

“नाही ना! गप्प बसलात. मग मी आणखी एकदा चुकले, मग आणखी. शेवटी रस्ताच संपला आणि समोर नदी. इथेच, या झाडापाशी. तुम्ही हँडब्रेक ओढलात आणि म्हणालात, आलोच आहोत तर जरा बसू. बसलो. उरलेल्या शेंगा मला दिल्यात. तेवढ्यात समोरून आठ जणांची होडी गेली. सगळे एकदम पुढे, सगळे एकदम मागे. मी तोवर नदी फक्त पुलावरून पाहिली होती. पुढच्याच आठवड्यात मी इथे आले, ती आजतागायत.”

मास्तरांनी आठवायचा खूप प्रयत्न केला. गाडीत शिकणाऱ्यांच्या शेजारी बसून किती दुपारी गेल्या होत्या. घामेजलेले हात, स्टिअरिंगवरची टकटक, काचेवर आपटणारं ऊन, ‘सॉरी मास्तर, सॉरी मास्तर’. सगळ्या एकात एक मिसळून गेल्या होत्या. त्यातून ही एक दुपार काही केल्या वेगळी निघेना.

“मला खरंच आठवत नाही गं,” ते शेवटी म्हणाले.

“असू दे. मला आठवतंय ना.”

चहा गार झाला होता, तरी मास्तरांनी तो संपवला. दुसऱ्या रविवारी ते आले ते चामड्याचे बूट घरी ठेवून.

हळूहळू जमायला लागलं. एका सकाळी वल्हं पाण्यातून स्वच्छ बाहेर आलं, त्याच्या टोकावरून थेंबांची सर पडली, आणि पुढचा हात मारेपर्यंत होडी आपोआप सरकत राहिली. तिच्या बुडाखाली बुडबुड्यांचा बारीक आवाज येत होता. मास्तर इतके खूश झाले की त्यांनी पुढचा हात मारलाच नाही. नुसते बसून ऐकत राहिले. काठावरून कोचनेही हाक मारली नाही.

थंडी पडायला लागली तेव्हा त्यांना चौघांच्या होडीत जागा मिळाली. सर्वांत पुढे बेकरीवाला, त्याच्यामागे दातांची डॉक्टरीण, मग मास्तर, आणि शेवटी एक उंच पोस्टमन. तिघांत हा एकटाच मास्तरांकडे शिकला नव्हता. तो जन्मभर सायकलवालाच. कोच सुकाणूपाशी चौघांकडे तोंड करून बसे.

त्या सकाळी ते पुलाखालून वर गेले. शहर मागे मागे पडत होतं, आणि उलटं बसल्यामुळे सगळं शहर मास्तरांच्या समोरच होतं. ज्या रस्त्यांवरून त्यांनी आयुष्य काढलं ते रस्ते त्यांनी असे, पाठीमागून, कधी पाहिलेच नव्हते. घरांच्या मागच्या गॅलऱ्या, वाळत घातलेल्या चादरी, गोदामांचे गंजके दरवाजे. आणि त्यांच्यामधून थेट वर चढत गेलेला टांकसाळीचा रस्ता.

“तो बघा चढ!” डॉक्टरीण म्हणाली. “तिथे मास्तर गाडी थांबवायला लावायचे आणि म्हणायचे, आता हँडब्रेकवर उचल. मागे ट्रक!”

“ट्रकवाला माझा मित्र होता,” मास्तर म्हणाले. “मुद्दाम यायचा.”

“काय सांगता!” डॉक्टरिणीचं वल्हं चुकलं. “मला त्या ट्रकची अजून स्वप्नं पडतात!”

“आणि ती भिंत,” बेकरीवाला म्हणाला, “शाळेमागची. तिच्यावरचा तो खड्डा माझा.”

“तुझा नाही, तुझ्या बहिणीचा. तुझा पलीकडचा.”

मग कुणी कुणाला आवरेना. कोणत्या वळणावर कोणाचं इंजिन बंद पडलं, कोणी पास झाल्याचा कागद मिळाल्यावर मास्तरांना मिठी मारताना कोपराने हॉर्न दाबून धरला, कोण परीक्षकाला ‘बाबा’ म्हणालं. होडी वेडीवाकडी चालली होती आणि कोचही तिला सरळ करत नव्हती. ती सगळी माणसं, ते सगळे तरुण, घाबरलेले चेहरे मास्तरांच्या डोळ्यांसमोर येत राहिले. या लोकांनी मास्तरांच्या दुपारी सांभाळून ठेवल्या होत्या.

परत आल्यावर होडी पुसून मांडणीवर चढवली आणि सगळे शेडमधल्या बाकांवर चहा प्यायला बसले. ओले मोजे शेगडीजवळ वाळत होते. पोस्टमन इतका वेळ ऐकत होता. तो म्हणाला, “मास्तर, तुम्ही सगळ्यांना शिकवलंत. पण तुम्हाला कुणी शिकवलं?”

मास्तरांनी कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

“माझ्या दादाने,” ते म्हणाले. “थोरला भाऊ. तो लाँड्रीची व्हॅन चालवायचा. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल. गिरणीमागे मोकळं मैदान होतं, तिथे मला घेऊन जायचा. शेजारची सीट काढून टाकलेली होती, गठ्ठे ठेवायला. म्हणून तो चादरींच्या गठ्ठ्यावर बसायचा. सगळ्या व्हॅनला साबणाचा आणि इस्त्रीचा वास.”

“त्यांच्याकडे दुसरा ब्रेक होता?” बेकरीवाल्याने विचारलं.

“कुठला! त्याच्याकडे पहिलाच धड नव्हता.”

सगळे हसले. मास्तरही हसले, मग बोटांनी कपाची कड चाचपत राहिले.

“तो काही शिकवायचाच नाही. नुसता गायचा. इतका बेसूर, की माणूस भीतीच विसरावा. मी इंजिन बंद पाडलं की गाणं मध्येच थांबायचं. काही बोलायचा नाही. मी पुन्हा चालू करेपर्यंत वाट बघायचा, आणि मग तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून. एक कडवं पुरं व्हायला आमची अख्खी संध्याकाळ जायची.” त्यांनी कप जरा पुढे सरकवला. “तो लवकर गेला. आमच्या घरात कुणी त्याचा विषय काढत नसे, आईला त्रास व्हायचा म्हणून. आई गेली तरी ती सवय तशीच राहिली. मी माझ्या बायकोलासुद्धा हे धड सांगितलेलं नाही.”

बाहेर दुसऱ्या तुकडीची माणसं येऊन होड्यांना हात लावू लागली होती. बाकं रिकामी करायची वेळ झाली होती. पण कोचने दार अर्धवट लोटून घेतलं आणि किटलीत आणखी पाणी ओतलं.

“कुठलं गाणं होतं, मास्तर?” तिने विचारलं.

“सुरात येत नाही मला.”

“त्यांनाही येत नव्हतं म्हणालात ना?”

मास्तरांनी घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं आणि पहिली ओळ म्हटली. मध्येच शब्द अडला. सगळे वाट बघत राहिले, आणि त्यांनी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली.