बुरुजाची पाटी

"बंद कर," तहसीननं हात वर केला.

रिझवाननं ड्रिलचं इंजिन बंद केलं. खोर फक्कान बंदरामागच्या डोंगरातली ती खिंड एकदम शांत झाली. सर्व्हेवाल्यांनी लाल फीत बांधून ठोकलेली खुंटी दोन उभ्या दगडांच्या मधोमध होती. गुडघ्याएवढे, चपटे दगड. मध्ये माणसाच्या उंचीएवढं अंतर. तहसीननं एकाच्या मुळाशी बोटांनी खडी उकरली. दगड कुणीतरी रोवला होता. थोडं वर, उतारावर, तसेच आणखी दगड होते, जोडीजोडीनं.

"ये तो कब्र है," रिझवान म्हणाला आणि दोन पावलं मागं सरला.

तहसीन मुकादम मूळचा बाणकोटचा. बावीस वर्षं तो शारजातल्या एका कंपनीत रस्त्याच्या पाट्या बसवत होता. वेगमर्यादा, वळणं, उंटांपासून सावध. गेल्या वर्षापासून तपकिरी पाट्या येऊ लागल्या होत्या. जुने किल्ले, बुरूज, विहिरी यांच्या. अरबी मजकूर तो कुराण पढायच्या सवयीनं अक्षर लावून वाचायचा. अर्थ लागायचा नाही. आजची पाटी पिकअपमध्ये आडवी होती. समोरच्या टेकडीवरचा बुरूज खिंडीच्या रक्षणासाठी बांधला, एवढंच तिच्यावर अरबीत आणि इंग्रजीत होतं. परवा तिच्या उद्घाटनाला पाहुणे येणार होते.

त्यानं फोटो काढून शारजाच्या ऑफिसात अनिल सरांना पाठवले आणि फोन लावला.

"तहसीनभाई, ड्रॉइंगवर तिथे काहीच नाहीये," अनिल सर म्हणाले. "डोंगरात दगडच असणार ना? अप्रूव्हल त्याच पॉइंटचं आहे. यल्ला, चला, खड्डा मारा नि मोकळे व्हा."

"सर, माझ्या बापाच्या कबरीवर असेच दोन दगड आहेत. जांभ्याचे. नाव नाही, काही नाही. मला कळतं."

"आणि परवा पाटी नसली तर मी काय सांगू? तुमच्या व्हिसाचं रिन्यूअल माझ्याच टेबलवर आहे. साठीनंतर कंपनी किती जणांना ठेवते, माहितीये ना?"

तहसीनला माहीत होतं. त्याच्या मुलीचं, एमानचं, नर्सिंगचं अजून एक वर्ष बाकी होतं.

"मी इथं मशीन लावणार नाही, सर," तो म्हणाला. "दुसऱ्याला पाठवायचं तर पाठवा. त्यालाही मी हेच सांगीन."

फोन कट झाला.

मशीनचा आवाज ऐकून खालच्या खजुरीच्या बागेतून एक म्हातारा अरब काठी टेकत वर आला होता. सालेम नाव. जुन्या लोकांना येते तशी हिंदी त्याला येत होती. मशीन का थांबलं, त्यानं विचारलं. तहसीननं खुंटी दाखवली. सालेम त्या दगडाशी बसला.

"माझे आजोबा तेव्हा लहान होते," तो म्हणाला. "सरहद्द कागदावर नव्हती. खिंड ज्याची, त्याचं पाणी. पलीकडचे लोक चालून आले, त्यांनी टेकडीला वेढा घातला. बुरुजात आमची माणसं अडकली. वरच्या त्या दहा कबरी आमच्या. एक माझ्या पणजोबांची."

"आणि ही? ही एकटीच बाजूला का?"

"हा आमचा नव्हता. हिंदचा होता. त्याचं गलबत किनाऱ्यावर फुटलं, परतीचा वारा सुटेपर्यंत गावात राहिला. बुरुजातलं पाणी संपलं, तेव्हा अंधारात पखाल पाठीवर घेऊन हा चढायचा. पाच वेळा गेला. सहाव्यांदा इथपर्यंतच आला."

तहसीननं वर पाहिलं. निसरड्या खडीचा उभा चढ, झाड नाही, आडोसा नाही. सकाळी बोल्टची पेटी उचलून तो एवढ्यावर आला होता, तर धाप लागली होती. भरलेली पखाल घेऊन कुणी चढलं असेल? पाच वेळा? ज्याची इथं विहीर नाही, जमीन नाही, त्यानं? तो वर बघतच राहिला. रिझवाननं डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं.

"हिंदमधला कुठला?" तहसीननं विचारलं.

"समुद्रातून आला होता. आजोबांना एवढंच माहीत होतं."

"तुम्ही सांगितलं नाहीत कुणाला?"

"इंजिनियर आले होते. बुरूज कुठला, विचारलं. मी बुरूज दाखवला. कबरींचं कुणी विचारलं नाही."

फोन पुन्हा वाजला. तहसीननं अनिल सरांना सगळं सांगितलं, सावकाश.

"रिपोर्टमध्ये काय लिहू?" शेवटी त्यांनी विचारलं.

"इथं माणसं आहेत, असं लिहा."

"बरं. रस्त्यापलीकडचा पॉइंट मागतो. तुमच्या रिन्यूअलचं मात्र मी काही सांगू शकत नाही, तहसीनभाई."

"इन्शाल्ला, सर."

मंजुरी दुसऱ्या दिवशी आली. पाटी रस्त्यापलीकडे उभी राहिली, त्याच दोन ओळींची. शेवटचा बोल्ट आवळून तहसीन रस्ता ओलांडून अलीकडे आला. सालेम आधीच येऊन उभा होता. दोन दगडांपाशी तहसीननं हात उचलले आणि फातिहा पढली. बाणकोटला फातिहा झाली की ती कुणासाठी, ते मयताचं आणि त्याच्या बापाचं नाव घेऊन सांगतात. तिथं तो अडला. त्यानं सालेमकडे पाहिलं. सालेमनं नकारार्थी मान हलवली; नाव त्यालाही माहीत नव्हतं.

तहसीन तसाच उभा राहिला, हात उचललेले, ओठ अर्धवट उघडे.