दुसरा खटका

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या बाईनं गोड बोलावं अशी लोकांची अपेक्षा का असते, कोण जाणे. मी बोलत नाही. कॅमेरा मेला असेल तर मेला म्हणून सांगते. "पाण्याजवळसुद्धा नेला नव्हता हो," असं शपथेवर सांगणाऱ्याच्या पुढ्यात त्याच्याच कॅमेऱ्यातली ओली वाळू कागदावर पाडून दाखवते. तेहतीस वर्षांत यंत्राच्या बाबतीत मी कुणाशी खोटं बोलले नाही. एकदाच बोलले, आणि ते घरच्याच माणसाशी.

वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, त्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच दाराशी येऊन उभी होती. दादाला जाऊन आठ महिने झाले होते. त्याचा तो धोंड्यासारखा जड कॅमेरा तिनं शालीत गुंडाळून पोटाशी धरला होता. बरोबर तिची सून. मी कुलूप काढतेय तोवर सुनेनं मला बाजूला ओढलं.

"आत्या, आई परवा रस्त्याच्या मधोमध थांबल्या. दोन्हीकडून गाड्या. मी हात ओढला तर झटकून म्हणाल्या, थांब, अजून दुसरा व्हायचाय."

थांबण्याचं मला नवीन नव्हतं. आधी ते घरातल्या घरात व्हायचं. दूध उतू जाऊन गॅस विझायचा आणि ही ओट्यापुढे सांडशी धरून उभी. डोळे उघडे, श्वास रोखलेला. पाच मिनिटं, कधी दहा. मग एकदम श्वास सोडायची आणि "काय गं, काय झालं?" असं आपल्यालाच विचारायची. तिला पहिला खटका ऐकू येतो आणि दुसरा ऐकू आल्याशिवाय हलता येत नाही, असं तिचं म्हणणं. मी तिला दोनदा म्हणाले होते, "वेड लागलंय का तुला?" म्हणायला नको होतं. पण दूध वेगळं आणि भर रस्ता वेगळा. हिला कुणीतरी एक दिवस चिरडून जाईल.

हे खटके काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दादाचा कॅमेरा मिडियम फॉरमॅटचा, म्हणजे नेहमीच्यापेक्षा मोठा; डिजिटल, कार्डावर फोटो घेणारा, पण आतून जुन्या घडणीचा. त्याच्या पोटात तळहाताएवढा आरसा असतो. बटण दाबलं की तो थाडकन वर जातो आणि मग शटर पडतं. एवढा आरसा आपटला की अख्खा कॅमेरा हादरतो आणि फोटोतल्या पापण्या पुसट होतात. म्हणून दादासारखी चिकट माणसं एका फोटोला बटण दोनदा दाबतात. पहिल्यांदा दाबलं की नुसता आरसा वर जाऊन अडकतो, तो पहिला खटका, चांगला मोठा. मग थरथर विरेपर्यंत थांबायचं. पुन्हा दाबलं की शटर पडतं आणि आरसा खाली येतो, तो दुसरा, बारीक. मधल्या वेळात व्ह्यूफाइंडरमध्ये मिट्ट काळोख. फोटो काढणाऱ्याला समोरचं माणूस दिसत नाही.

थरथर किती वेळ टिकते ते बघायची दादाची स्वतःची रीत होती. कॅमेऱ्याच्या डोक्यावर आरशाचा नखाएवढा तुकडा चिकटवायचा आणि त्यावर टॉर्चचा झोत सोडायचा. लांबच्या भिंतीवर उजेडाचा ठिपका पडतो. कॅमेरा केसभर हलला तरी ठिपका तिकडे वीतभर नाचतो. ठिपका किती सेकंदांनी शांत होतो ते मोजायचं. नवा ट्रायपॉड आणला की हा खेळ व्हायचाच. स्टुडिओची जमीन लाकडी फळ्यांची, त्यामुळे समोर बसलेल्यानं नुसता पाय हलवला तरी ठिपका नाचायला लागे. समोर बसायला हक्काचं माणूस वहिनी. तिनं तीस-पस्तीस वर्षं ते ऐकलं, "हलू नकोस. दुसरा खटका झाला की मग काय नाक खाजवायचंय ते खाजव."

त्या दिवशीही नवा ट्रायपॉड आला होता. दोन दिवे वहिनीच्या तोंडावर, दिव्यांच्या मागे अंधार आणि त्या अंधारात दादा. पहिला खटका झाला तेव्हा बाहेरच्या खोलीत रेडिओवर बातम्या सुरू होत होत्या. ती उठली तेव्हा बातम्या संपल्या होत्या. दहा मिनिटं. दादा स्टुलावरून घसरून भिंतीला टेकून बसला होता, जरासुद्धा आवाज न करता. डॉक्टर तिच्यादेखत बोलून गेला, "थोडं आधी कळलं असतं तर." त्या गृहस्थाला जीभ आवरायला कुणी शिकवलं नसावं.

"चिमणे," वहिनी म्हणाली. पन्नाशी उलटली माझी, पण ही लग्न होऊन आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, माझ्या वेण्या हिनं घातल्यात, त्यामुळे हिच्यासाठी मी अजून चिमणीच. "यात तो आकडा असतो ना गं? शटर किती वेळा पडलं त्याचा?"

"असतो. शटर काउंट."

"हे म्हणायचे, फोटो पुसता येतो, तो आकडा पुसता येत नाही. तेवढा बघून दे. त्या दिवशी यात कार्ड नव्हतं, नुसती थरथर बघत होते, त्यामुळे फोटो काही मिळायचा नाही. पण आदल्या संध्याकाळच्या शेवटच्या फोटोचा आकडा आम्ही कॉम्प्युटरवरच्या त्या फोटोतून काढलाय." तिनं पर्समधून चिठ्ठी काढली. अडतीस हजार चारशे सोळा. "त्यानंतर त्यांनी त्या दुपारीच हातात घेतला, आणि पुढे कुणी शिवलेलं नाही. आकडा सोळाच असेल तर दुसरा खटका झाला नाही. सतरा असेल तर झाला. काय असेल ते सांग, म्हणजे मी सुटले."

"चहा घेतेस आधी?"

"आधी बघ."

तिला बाकावर बसवून मी कॅमेरा घेऊन आत गेले. माझं कामाचं टेबल काचेच्या आड आहे. काच जाड, बाहेर रस्ता. आत घंटा वाजवली तरी बाकावर ऐकू जात नाही. शाल सोडली तेव्हा दादाच्या अंगाचा तो तेलकट, जुन्या कातड्याचा वास आला आणि मला रडू फुटलं. मग स्वतःचाच राग आला. डोळे पुसले आणि बॅटरी बघितली. आठ महिन्यांत ती पार गेली होती.

आता जे झालं ते आमच्या धंद्यातल्या माणसाच्याच हातून होऊ शकतं. नवी बॅटरी घातली की आम्ही बटण दाबतो. डॉक्टर नाडी धरतो तसं. त्यात विचार नसतो, बोट आपलं आपण जातं. मी कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला, आत काळोख दिसला, आणि "हे काय?" असं मनात येईपर्यंत बोटानं बटण दाबलेलं होतं.

बारीक खटका झाला आणि व्ह्यूफाइंडर उजळला.

आरसा वर होता! आठ महिने तो वरच अडकून होता, कारण शटर पडल्याशिवाय या जातीचा आरसा खाली येतच नाही. दादानं तो उचलला, थरथर विरायची वाट बघत बसला, आणि दुसऱ्यांदा दाबायला त्याचं बोट राहिलं नाही. ते मी दाबलं. आकडा बघायची गरजच उरली नव्हती. खटका झालाच नव्हता. बरं, कॅमेरा अजून माझ्या डोळ्यालाच होता आणि त्यात समोर काचेपलीकडे वहिनी दिसत होती. पाठ ताठ, हात मांडीवर, पापणी न हलवता ती सरळ माझ्याकडे, म्हणजे भिंगाकडे बघत होती. दादाला ती अशीच दिसली असणार, शेवटची. आणि बघता बघता तिनं श्वास सोडला. खांदे खाली आले. हातानं कपाळावरची बट मागे सारली.

ऐकू जाणं शक्यच नव्हतं. शंभरदा सांगते, शक्य नव्हतं. माझ्या मानेवर काटा उभा राहिला तो दिवसभर गेला नाही.

केबल जोडून कॉम्प्युटरवर आकडा काढला. अडतीस हजार चारशे सतरा. त्यातला तो एक माझा. खरं सांगायचं तर म्हणायचं होतं, नाही झाला वहिनी, तू त्याच्यासमोर पुतळ्यासारखी बसलेली असताना तो गेला. मग तो खटका कधीच येणार नाही आणि ही जन्मभर त्याची वाट बघत कुठल्यातरी रस्त्यात उभी राहणार. उलट "झाला" म्हटलं, तर संपलं. काम पुरं करून गेला तो. वाट बघायची राहिली नाही. आणि आत्ता तिनं सोडलेला तो श्वास मी डोळ्यांनी बघितला होता. मनाशी म्हटलं, दादानंच माझ्या बोटाकडून करून घेतलं.

बाहेर आले.

"सतरा," मी म्हणाले.

"नक्की?"

"ये, बघ स्क्रीनवर. यंत्र खोटं बोलत नाही."

ती उठली नाही. तिच्या तोंडावरचा रंग गेला, ओठसुद्धा पांढरे पडले. सून पाणी आणायला धावली.

"म्हणजे झाला होता," वहिनी म्हणाली. "तो भास नव्हता."

"कसला भास?"

"सकाळी आमचं वाजलं होतं. त्या ट्रायपॉडवरूनच. मी बोलत नव्हते त्यांच्याशी. समोर बसले तीसुद्धा तोंड फुगवून. रेडिओ चालू होता, त्यात काहीतरी बारीकसं वाजल्यासारखं वाटलं मला. म्हटलं, झाला वाटतं. मग म्हटलं, झाला असेल तर म्हणू देत की 'ऊठ'. एरवी म्हणतात. आज मी आपणहून उठायची नाही, बसू देत वाट बघत." तिनं माझा हात धरला. "आठ महिने मी स्वतःला समजावतेय गं, की झालाच नव्हता. त्यांनी हलू नको म्हणून सांगितलं होतं म्हणून मी बसले. तू सोळा म्हणशील म्हणून आले होते मी."

"वहिनी, मी दाबलं!" मी इतक्या जोरात ओरडले की सून ग्लास घेऊन दारातच थांबली. "आत्ता, आत. चुकून दाबलं. नवी बॅटरी घातली आणि दाबलं. आरसा वर होता, मी डोळ्यांनी बघितलं. तो सतरावा माझा आहे. दादानं दाबलंच नव्हतं. तू बरोबर बसली होतीस."

"मग सतरा का म्हणालीस?"

"तुला बरं वाटावं म्हणून. मला वाटलं, झाला म्हटलं की तू सुटशील."

"आणि आता हे का सांगतेयस?"

याही प्रश्नाचं उत्तर तेच होतं, आणि तिला ते माझ्या तोंडावर दिसलं. मी जुनी बॅटरी आणून दाखवली. आरसा वर कसा अडकतो, खाली कधी येतो, कॅमेरा उघडून करून दाखवलं. दादाची शपथ घेतली, मुलांची घेतली. जितकं जास्त बोलत गेले तितकं ते मलाच सारवासारव केल्यासारखं ऐकू येत होतं. आयुष्यभर लोकांना तोंडावर खरं ऐकवत आलेली मी, आणि हव्या त्या वेळी माझ्या खऱ्याला कवडीची किंमत नव्हती.

तिनं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग माझ्या गालावरून हात फिरवला.

"चिमणे, तुला खोटं कधी जमलंच नाही. दूध मोरीत ओतायचीस आणि अशीच भरभर बोलायचीस. मघाशी 'सतरा' म्हणालीस ते बघ किती सरळ म्हणाली होतीस."

आणि कॅमेरा शालीत गुंडाळून ती सुनेबरोबर घरी गेली.

पंधरा दिवसांनी सुनेचा फोन आला. "आत्या, आई आता कुठे थांबत नाहीत हो. एकदाही नाही." मला हायसं वाटतंय तोवर ती पुढे म्हणाली, "पण त्या बसतच नाहीत." जेवायला पानावर बसल्या की दोन घासांत उठतात, स्टुडिओत जाऊन दिव्यांच्या मागे वाकून बघतात आणि परत येतात. टीव्हीपुढे तेच. झोपेतून उठूनसुद्धा तेच. पाय सुजलेत, पण ऐकत नाहीत.

मी दर रविवारी जाते. तिला हाताला धरून खुर्चीत बसवते, तिच्या पायाशी बसून पहिल्यापासून सगळं खरं सांगते. "हो गं बाई, तू म्हणतेस तसंच," असं म्हणून ती माझ्या डोक्यावरून हात फिरवते, आणि माझं बोलणं संपायच्या आत उठते.