खोलीची ओळ

उमाताईंनी चूक-दुरुस्तीपत्राचा मसुदा जनीपुढे सरकवला आणि पदराने कपाळ पुसलं.

"चूक माझीच हो. तुमच्या खोलीची ओळ टाइप करायची राहिली."

शेजारच्या संगणकापाशी बसलेल्या सलिलने मान वर केली नाही. ओळ टाइप झाली होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वकिलांच्या या ऑफिसात उमाताईंची अठ्ठावीस वर्षं गेली; फाइल शोधताना त्या अडखळायच्या, म्हणून सलिलने त्यांना चार ओळींची एक स्क्रिप्ट लिहून दिली होती. एक क्लिक केलं, की फोल्डरमध्ये शेवटी सेव्ह झालेली फाइल आपोआप उघडायची. जनी पूर्णगडच्या घरातला हक्क भावाला सोडणार, मागची खोली मात्र हयातभर तिची, असं ठरलं होतं. सहीच्या दिवशी सलिल या शहाण्यानेच खोलीची ओळ नसलेला जुना मसुदा चाळून सेव्ह केला. क्लिक केल्यावर तोच उघडला, छापला आणि नोंदलाही गेला.

आज सकाळी वकील उमाताईंना वाट्टेल ते बोलले, तेव्हाही तो ढिम्म बसून होता. नोकरीला जेमतेम पाच महिने झालेले. स्वतःची लाज वाटत होती, पण तोंड उघडत नव्हतं.

जनीने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

"मावशी," तो एकदम म्हणाला, "उमाताईंची चूक नाही. माझी आहे. माझ्यामुळे जुना कागद उघडला गेला."

जनीचं बोट कागदावर थांबलं.

"म्हंजे ती ओळ दादान काडलान नाय?"

"नाही हो. धाकूदादांनीच ती घालायला सांगितली होती. सही करताना तुम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही?"

"मीच वाचलं. सातवी शिकलेय मी." तिचा आवाज खाली गेला. "वाटलं, दादाचा इचार फिरला. सायबाम्होरं भावाला कसं इचारू? गप सही केली. मंग खोली सोडली, पावस गावात भाड्यान ऱ्हायले."

"आता सगळं नीट होईल," सलिल घाईघाईने म्हणाला. "धाकूदादा सोमवारी मुंबईहून येतायत सहीला. खोली तुमचीच."

जनीने मान डोलावली. पेन मात्र उचललं नाही.

"भाऊबीजेला आलावता तो, पावसला," ती म्हणाली. "दोनदा हाक मारलान. मी आतच होते. दार नाय उगडलं."