आधी वायू, मग द्रव

"काका, आइस्क्रीम पातळ व्हायला लागलं हो!" दुकानाच्या मॅनेजरबाई यंत्रखोलीच्या दारातून म्हणाल्या.

सावकाशकाकांनी मान वर केली नाही. नळीवर हिमाची पांढरी साय धरली होती आणि दाबाचा काटा जागचा हलत नव्हता.

फ्रीजर गार ठेवणाऱ्या रिकाम्या यंत्रात आधी कार्बन डायऑक्साइडचा वायू सोडायचा, दाब चढू द्यायचा, मगच द्रव. नाहीतर द्रवाचा आतल्या आत बर्फ होऊन नळी तुंबते. हे त्यांनीच कित्येक कारागिरांकडून घोकून घेतलं होतं. 'सावकाशकाका' हे नावही त्या कारागिरांनीच ठेवलेलं. आणि आज काकांनीच द्रव आधी सोडला. लेक दूरच्या गावी नोकरीला निघाली होती. तिची आई गेल्यापासून घरात ती दोघंच. बस सुटायच्या आत त्यांना पोचायचं होतं.

आता बर्फ विरेपर्यंत हलायची सोय नव्हती. विरताना दाब उसळला, तर झडप किलकिली करून तो उतरवायला माणूस हवा.

"तुम्ही जा, मी बघते काट्याकडे," बाई म्हणाल्या.

"बाई, हे दूध नव्हे, उतू गेलं की फडक्यानं पुसायला. नळी फुटली तर आपण दोघंही फोटोत."

बाई मुकाट्यानं माल हलवायला गेल्या. तेवढ्यात फोन वाजला. काकांनी तो स्पीकरवर टाकून हत्यारांच्या पेटीवर ठेवला.

"बाबा, कुठवर आलात?"

"अगं... इथंच आहे. माझ्या हातून चुकलं."

"तुमच्या हातून?" ती हसायला गेली, पण हसू अर्ध्यातच राहिलं. "घाई केलीत ना माझ्यासाठी?"

काटा हलू लागला होता. काकांनी झडपेवर हात ठेवला.

"जेवलात का?"

"जेवतो गं. खिडकीची जागा मिळाली का?"

"मिळाली. फोन ठेवू नका हं."

पलीकडून कंडक्टरचा खडा आवाज आला, "ताई, एवढं सामान! सोडायला कोणी आलंय की नाही?"

"आलेत ना," लेक म्हणाली. "बाबा आलेत."

बस घरघरली. एक हात झडपेवर तसाच ठेवून काकांनी दुसऱ्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला. समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत तो हात उंच केला आणि बसचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ते हलवत राहिले.