शेवटचं पान वाढून होईपर्यंत

मी एक जुनी रेकॉर्ड आहे, मित्रांनो. काळी, गोल, जेवणाच्या ताटाएवढी. माझ्या जातीच्या कित्येकींना लोकांनी घड्याळ करून भिंतीवर टांगलं. तो अपमान माझ्या वाट्याला आला नाही, एवढं माझं नशीब चांगलं. डोंगरकडा गावात मला 'सोनाजीची अडेल' म्हणतात. नाव फार गोड नाही, पण खोटंही नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यांच्या गावात झाला. दिवसा मोटारींचे सुटे भाग जोडणारी काही कृष्णवर्णीय माणसं संध्याकाळी एकत्र जमून गात-वाजवत. त्या संगीताला सोल म्हणत, फंकही म्हणत. सोल म्हणजे पोटातून आलेलं गाणं. गाणारा रडतोय की देवाला हाक मारतोय, ते चटकन कळत नाही. आणि फंक म्हणजे समेवर असा ठोका, की बसल्या माणसाचा गुडघा आपोआप हलतो. त्यांनी जीव ओतून माझ्यात गाणं भरलं, पण मी काही खपले नाही. शिकायला गेलेल्या कुणाच्या ट्रंकेतून मी हैदराबादला आले आणि तिथल्या जुन्या बाजारात धूळ खात पडले.

सोनाजी तिथं भोंगा घ्यायला आला होता. डोंगरकड्यात त्याचा लाउडस्पीकरचा धंदा नवाच होता. दुकानदारानं भोंगा बांधून दिला आणि वर मला फुकट ठेवून दिलं.

"ले जाव मियाँ. गाना समझ में नै आता, पन बाजा जोरदार है."

सोनाजीनं माझ्याकडे उलटसुलट पाहिलं. "आमच्या गावात तरी कोणाला गाणं समजून राहिलंय? आवाज पायजे," असं म्हणून त्यानं मला पिशवीत घातलं.

तेव्हापासून लग्नाचा मांडव आणि मी, असं जमलं. अक्षता पडल्या की पंगत बसायची आणि पंगत बसली की सोनाजी मला रेकॉर्ड वाजवायच्या मशीनवर लावायचा. माझ्या ठोक्यावर वाढपी पोरं बादल्या घेऊन अशी धावत, की बघणाऱ्यानं बघत राहावं. नवरदेवाचे मामे पत्रावळीवर ताल धरत. मी कुठली, गाणं कशाचं, कुणी विचारलं नाही. मलाही त्याचं फार वाटलं नाही.

एका लग्नात मांडवातली शेळी माझ्या मशीनच्या वायरीत अडकली. तिनं हिसका दिला आणि सुई माझ्या अंगावरून खर्रकन ओढली गेली. बाईईई! तो ओरखडा आजही माझ्या अंगावर आहे. सनईसारख्या एका सुरापाशी मी अडकले आणि तेवढंच पुन्हा पुन्हा वाजवू लागले, "पँ... प-पँ. पँ... प-पँ." नेमका त्याच वेळी सोनाजी भोंगा बांधायला लिंबावर चढलेला. त्याला उतरायला वेळ लागला.

इकडे पंगतीत सगळ्यांचे हात थांबले. कुणीतरी म्हातारं म्हणालं, "थांबा रे, गाणं पुढं जाऊन न्हाई राहिलं. वाढणं व्हयाचं असंल." झालं! माणसं समोरच्या बुंदीकडे बघत बसून राहिली. तोवर वाढपी ओळीच्या टोकापर्यंत पोचले. टोकाला चंदाबाई बसलेली होती. नवरा नाही, रोजानं कामाला जाणारी, पदरात दोन लेकरं. तिच्यापाशी बादली यायची तेव्हा तळाला खरवडच उरलेली असायची. आणि आमच्याकडे एकट्यानं उठायची रीत नाही. पुढचे उठले की सगळी ओळ उठते, मग तुमचं पान भरलेलं असो की रिकामं.

सोनाजी धापा टाकत आला, सुई पुढे ढकलायला हात केला, आणि त्याच्या कानावर चंदाबाईचं बोलणं पडलं. ती लेकराला सांगत होती, "खाय रे, आज बुंदी आख्खी आली."

सोनाजीचा हात तिथंच थांबला. त्यानं टाचा उंच करून पार शेवटच्या पानापर्यंत पाहिलं. भाजी, वरण, पुरी सगळं आलंय ना, ते पाहिलं. मगच सुई ढकलली.

त्या दिवसापासून त्यानं हा नेमच धरला. ओरखड्यापाशी मी अडायचे, तो मशीनशेजारी उभा राहायचा आणि शेवटचं पान वाढून झाल्याशिवाय मला हलवायचा नाही. मोठमोठे लोक तंबी देत, "सोन्या, ढकल ना सुई! भुकेनं जीव चालला." तो हसून म्हणायचा, "माजी मशीन लई अडेल हाय, पाटील. जरा दम धरा." माझं अडणं तो मशीनच्या नावावर खपवायचा, याचा थोडा राग यायचा. पण त्या गावच्या पंगतीतून कुणी रिकाम्या पानावरून उठलं नाही, हे खरं.

पुढे डीजे आले, बुफे आले. सोनाजीची मशीन बिघडली ती बिघडलीच. त्याच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, मला जुन्या लुगड्यात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवलं. वर्षं गेली. पेटीत ऊन नव्हतं, वारा नव्हता आणि कुणाची भूकही नव्हती.

मग एक दिवस हिंगोलीहून अनिरुद्ध आला. हा बँकेत नोकरीला, आणि वेड म्हणाल तर सोल-फंकच्या रेकॉर्डींचं. तिथं हळद विकायला गेलेल्या सोनाजीच्या पोरानं बोलता बोलता त्याला माझ्याबद्दल सांगितलं होतं. मला बघून तो दारातच खाली बसला. "काका, ही अमेरिकेतली! हिच्याशिवाय संग्रह पुरा होत नाही हो! मी किती वर्षं शोधतोय."

"न्या की," सोनाजी म्हणाला. "आमच्याकडं मशीन न्हाई, पडून राहून खराब व्हईल. पण चैत्रात माज्या नातीचं, पुनमचं लगीन हाय. पंगत जमिनीवरच बसणार, मी सांगून ठेवलंय सगळ्याला. त्या पंगतीला हीच वाजली पायजे. कोणी उपाशी उठायला न्हाई पायजे माज्या दारातून. एवढा सबद द्या."

अनिरुद्धनं शब्द दिला. हिंगोलीत त्यानं मला आंघोळ घातली, प्लॅस्टिकचा अंगरखा घातला आणि काचेच्या कपाटात मोठमोठ्या नावाजलेल्या रेकॉर्डींशेजारी उभं केलं. काय त्यांचा थाट! एकीच्याही अंगावर ओरखडा नाही. वाजवायचीच नाही म्हटल्यावर ओरखडा येणार कुठून? एकदा मात्र त्यानं मला वाजवून माझं गाणं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. मग रात्रंदिवस खपून त्यातलं ते अडकणं पुसून काढलं. आपण फार चांगलं काम केलं असं त्याला वाटत होतं, आणि त्याचा हेतू खरंच चांगला होता.

लग्नाला तो मला आणि आपली लहान मशीन, दोन्ही घेऊन आला. पण मांडवातली धूळ बघून त्यानं मला पिशवीतच राहू दिलं आणि भोंग्याला मोबाइल जोडला. ठोका सुरू झाला. जुनी माणसं खुलली. द्वारकाबाई म्हणाली, "आलं बाई पंगतीचं गाणं!" तो सनईसारखा सूर जवळ आला. सोनाजी मांडवाच्या मधोमध उभा होता, हात बादलीच्या कडीवर. आता अडणार.

गाणं अडलं नाही. सरळ पुढे निघून गेलं.

माणसांनी घास उचलले. वाढपी अजून अर्ध्या ओळीवर होते. पुढे बसलेल्या पाहुण्यांना बाळापूरचं दुसरं लग्न गाठायचं होतं. त्यांनी भराभर जेवण उरकलं आणि ते उठले. ते उठले म्हणून बाकीचे उठले. टोकाला चंदाबाई होती, आता पार म्हातारी झालेली, आणि तिच्याबरोबर सोनाजीच्या शेतात हळद शिजवणारी माणसं. त्यांच्या पानावर मीठ आणि लोणचं, एवढंच आलं होतं. रीत म्हणजे रीत. तीही उठली.

सोनाजीनं ते पाहिलं. तो ओरडला नाही. अनिरुद्धपाशी येऊन हळूच म्हणाला, "सायेब, ते अडकणं कुठं गेलं?"

"मी काढून टाकलं, काका. खराबी होती ती. किती स्वच्छ झालंय बघा ना."

"काहून काढलं हो?" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "गाणं त्या अमेरिकेवाल्यायचं. अडकायचं तेवढंच तर माजं होतं!"

अनिरुद्धला काय ते समजेना. मग द्वारकाबाईनं त्याला टोकाकडे बोट दाखवलं. हात धुवायच्या टाकीपाशी चंदाबाई कोरडाच हात धूत होती. त्याचं तोंड उतरलं. त्यानं पिशवी उघडली, माझा प्लॅस्टिकचा अंगरखा काढला आणि धुळीची पर्वा न करता मला मशीनवर ठेवलं.

सोनाजीनं चंदाबाईला आणि हळदीच्या माणसांना दुसऱ्या पंगतीत पुन्हा बसवलं आणि स्वतः बुंदीची बादली उचलली. सुई टेकली. किती वर्षांनी ते भोंग्यातून बाहेर पडणं! मला लाज वाटत नाही सांगायला, मी आनंदानं थरथरले. ओरखडा आला आणि मी अडले. "पँ... प-पँ." सगळी पंगत थांबली.

आता सुई कधी ढकलायची, हे अनिरुद्धला ठाऊक नव्हतं. सोनाजी तर वाढण्यात गुंतलेला. बिचाऱ्यानं बोट सुईपाशी धरलं आणि लांबून ओरडून विचारलं, "आजी, आलं का सगळं पानावर?"

चंदाबाईच्या पानावर भाजी होती, पुरी होती, बुंदीचा ढीग होता. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिनं पानाकडे पाहिलं, मग शेजारी पाहिलं.

"माजं आलं, बापा," ती म्हणाली. "पण थांब जरा. माज्या बाजूच्या लेकराला भाजी यायची हाय."

अनिरुद्ध थांबला. मीही थांबले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी तुम्हाला हात जोडून सांगायचं असतं, की आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. वाजले तर झिजणारच मी, आणि झिजायलाच माझा जन्म आहे. एवढीच विनंती करते. कुणातलं वेडंवाकडं काढून त्याला गुळगुळीत करायला निघालात, तर आधी पंगतीच्या टोकापर्यंत चालत जा आणि विचारा, या वेडेवाकडेपणावर कुणाचं पोट भरतंय का.