फोटॉनचं खोटं वजन

मला कुणी गप्प बसायला सांगितलं की माझं डोकंच फिरतं, आणि काकांनी तर मला दोन वर्षं गप्प बसवलं होतं. घरी एका टेबलावर जेवायचं, पण कामाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. इलेक्ट्रॉनवर इलेक्ट्रॉन आदळला की कोणत्या कोनात किती उडतात, हे दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून काढायचं आणि उत्तरं शेवटी एकदाच शेजारी ठेवायची, हा त्यांचा नियम; म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या उत्तरात शिरत नाही. सोमवारी प्रयोगशाळेवाले त्यांचं मोजमाप उघडणार होते. आमचं उत्तर त्याआधी गेलं तरच ते भाकीत; नंतर काय, सगळेच शहाणे. काका महिनाअखेर निवृत्त होणार होते. ही त्यांची शेवटची संधी.

शुक्रवारी उत्तरं शेजारी ठेवली. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली!

"अगं, जुळलं की!" काका खुर्चीतून उठलेच. लगेच काकूला फोन. माझे तर डोळे भरून आले.

पाठवण्याआधी मी उगाच एक तपासणी केली. फोटॉनला वजन नसतं, पण तसंच धरलं तर गणित अनंतात जातं. म्हणून आम्ही त्याला नावापुरतं खोटं वजन देतो. शेवटी ते उत्तरातून आपोआप निघून जायला हवं. ही तपासणी काकांनी केली असणार असं मी धरून चालले होते, आणि मी केली असणार असं त्यांनी. विचारणार कसं? बोलायचं नव्हतं ना! मी ते वजन बदललं, आणि उत्तर हललं.

"काका, हलतंय."

चूक लगेच सापडली. दोघांनीही समीकरणातलं एक पद नगण्य म्हणून सोडलं होतं. ते सोडायला मला काकांनीच शिकवलं होतं. दुरुस्तीला काही महिने तरी जाणार होते.

"कशाला तपासायला गेले मी!" मी वैतागून म्हणाले.

"वेडी आहेस का?" काकांनी शांतपणे प्रयोगशाळेला कळवून टाकलं, आमचं उत्तर तयार नाही. मग चष्मा काढून म्हणाले, "दोन वर्षं बोललो नाही, तरी तू माझीच चूक केलीस. दोन्ही खोल्यांत मीच बसलो होतो गं."

मी दोन्ही उत्तरं पुन्हा शेजारी ओढली.

"माझ्या जागी मी न शिकवलेलं माणूस आण," ते म्हणाले. "तुझ्याशी भांडणारं."

हो म्हणायला मला फार जड गेलं, पण म्हणाले.